डोळ्यातले स्टेरॉईड ड्रॉप्स आणि माझे तीन महिने

मार्चमधे पेपर तपासायच्या दिवसांत माझा उजवा डोळा लाल झाला. शाळेत दोन पोरांचे डोळे आले होते त्यामुळे मला वाटलं आपल्यालाही लागण झाली, मेडिकलमधून ड्रॉप्स आणले आणि घालायला लागले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या रात्री डोळा इतका ठणकायला लागला की ट्यूबलाईटकडे बघवेना. नंतर कळलं की त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉईड पण होतं, चिठ्ठीशिवाय द्यायचं औषधच नव्हतं ते.

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मशीनवर हनुवटी टेकवून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले ही डोळ्यांची साथ नाही. चिपडं नाहीत, लाली बुबुळाभोवती जास्त आहे आणि उजेड सहन होत नाही, म्हणजे सूज डोळ्याच्या आत आहे, युव्हायटिस. अशी सूज कधीकधी दुसऱ्या आजारामुळे येते, म्हणून मग सकाळी कंबर आखडते का, घरात कुणाला टीबी होता का असले प्रश्न, रक्त, छातीचा एक्स-रे. डोळ्याचं प्रेशर मोजलं ते 14 आलं, साधारण 10 ते 21 चालतं म्हणाले. हा पहिला आकडा लिहून ठेवा असं त्यांनी मुद्दाम सांगितलं, ते का ते पुढे कळलं.

औषध होतं प्रेडनिसोलोन 1 टक्का, हेही स्टेरॉईडच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जागी असेपर्यंत दर तासाला एक थेंब. जोडीला होमॅट्रोपिन दिवसातून तीनदा, बाहुली मोठी ठेवायला, नाहीतर सुजेमुळे ती मागच्या भिंगाला चिकटते. त्याने जवळचं सगळं धूसर दिसतं, त्यामुळे पेपर शाळेतल्या दुसऱ्या बाईंना देऊन टाकले.

थेंब कसा घालायचा हे तिथल्या सिस्टरनी करून दाखवलं आणि मी म्हणेन निम्मं औषध त्यातच आहे. बाटली आधी नीट हलवायची कारण औषध तळाला बसतं, न हलवता घातलं तर नुसतं वरचं पाणी जातं. हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी ओढून जी खोबण होते तिच्यात एकच थेंब, दोन घातले तर जास्तीचा गालावरच येतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. मी पहिल्या दिवशी दाबला नाही तर घसा कडू झाला, औषध नाकातून खाली उतरत होतं. दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी, नाहीतर पहिला धुऊन जातो. मोबाईलला सकाळी सातपासून दर तासाचा अलार्म लावला होता.

आठवड्यात डोळा पांढराशुभ्र झाला, डॉक्टरांनी तासाचे सहा वेळा केले, मग चार, दर आठवड्याला एकेक कमी करायचं होतं. आणि तिथेच मी चुकले. कोल्हापूरला लग्न होतं, बाटली घरी राहिली, म्हटलं डोळा तर बरा आहे चार दिवसांनी काय होतंय. पाचव्या दिवशी परत तोच ठणका. बाहेरची लाली जाते पण आतली सूज मशीनवरच दिसते, एकदम बंद केलं की ती उसळून येते, म्हणून पायरीपायरीने उतरायचं असतं. सगळं पहिल्यापासून, परत दर तासाला.

यावेळी तिसऱ्या आठवड्यात प्रेशर 28 आलं. मला काहीच जाणवत नव्हतं, ना दुखणं ना दिसण्यात फरक, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. काही लोकांचं प्रेशर स्टेरॉईडने चढतं, बरेच दिवस चढलेलं राहिलं तर काचबिंदू होऊन डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. जास्त महिने घातलं तर मोतीबिंदूही होतो. प्रेशरसाठी टिमोलॉल लिहायच्या आधी त्यांनी दमा आहे का विचारलं, मला आहे, आणि टिमोलॉलने दमा उसळू शकतो, मग ते टाळून ब्रिमोनिडिन दिलं. सूज आता आटोक्यात होती म्हणून स्टेरॉईड बदलून लोटेप्रेडनॉल केलं, त्याने प्रेशर कमी चढतं. दोन आठवड्यांनी 17. दम्याचं आपणहून सांगायला पाहिजे होतं मी, डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध असं वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा थेंब घातला. बाटलीत अजून होतं, पण उघडून महिना झाला होता म्हणून टाकून देणार तेवढ्यात ताईचा फोन, दाजींच्या डोळ्यात उसाचं पान लागलंय, लाल झालाय, तुझे ड्रॉप्स पाठव. मी सरळ नाही म्हटलं, ताईला राग आला. पण पान लागलेल्या डोळ्यात बुरशी असू शकते आणि स्टेरॉईडने ती फोफावते, नागिणीसारख्या विषाणूचंही तसंच, हे मी तीन महिन्यांत ऐकलं होतं. दाजींना त्याच दिवशी मिरजेला पाठवलं. बुबुळावर बुरशीच निघाली, बुरशीवरचे नॅटामायसिन ड्रॉप्स चालू आहेत, दर तासाला. अलार्म आता ताईच्या मोबाईलवर आहे.