तुम्ही विचारलंत म्हणून: किती पैसे घेऊन बसायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी घरात काढत नाही. भाच्याचे मित्र, ऑफिसातली दोन पोरं, एकदा तर सोसायटीचे खजिनदारसुद्धा, सगळ्यांचा प्रश्न एकच: एवढी वर्षं ऑनलाइन पोकर खेळलास, मग बँकरोल, म्हणजे खेळायचे पैसे, किती ठेवायचास आणि वरच्या स्टेकला, म्हणजे मोठ्या रकमेच्या टेबलला, कधी जायचं हे ठरवायचास कसं? आधीच सांगतो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आपल्याकडे बंद झाले, त्यामुळे कुठली साइट चांगली वगैरे मला विचारू नका. पण प्रश्न काही बंद झाला नाही, कारण तीच पोरं आता शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये बसलीयेत आणि तिथेही एका ट्रेडला किती लावू हेच विचारतात.

आमचं अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या-पेनांचं छोटं दुकान होतं. बाबांकडे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे असायचे, एक दुकानाचा, एक घरचा. जूनमध्ये शाळा उघडल्या की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि दुकानाच्या डब्याचं झाकण बसेना इतक्या नोटा. आई दरवर्षी म्हणायची, यंदा फ्रिज घेऊया. बाबा म्हणायचे, "हे आपले नाहीत, मालाचे आहेत." रोज रात्री मोजून एक ठरलेली रक्कम घरच्या डब्यात जायची, जून असो नाहीतर सप्टेंबर. ऑगस्टनंतर गिऱ्हाईक आटायचं, तरी बाबा शांत, कारण त्या दिवसांसाठीचे पैसे डब्यात असायचे. पोकरमध्ये व्हेरियन्स, म्हणजे नशिबाचे चढउतार, नावाची जी भानगड असते ती मला कळायला दोन वर्षं लागली, बाबांना ती डब्याचं झाकण उघडलं की दिसायची.

तर बँकरोल म्हणजे दुकानाचा डबा. बँकेतला बॅलन्स नाही, पगारातून उरलेले नाहीत, फक्त खेळाचं भांडवल.

किती, ते सांगतो. दर डावाला दोघांना पानं बघण्याआधीच सक्तीने पैसे टाकावे लागतात, एकाला छोटा ब्लाइंड, दुसऱ्याला मोठा, म्हणजे बिग ब्लाइंड. टेबलवर बसताना साधारण १०० बिग ब्लाइंड घेऊन बसतात, तो एक बाय-इन. म्हणजे ५/१० च्या टेबलला (छोटा ब्लाइंड ५ रुपये, मोठा १०) १००० रुपये, १०/२० ला २०००. आता समजा तुम्ही खरंच बरे खेळता, रेक, म्हणजे साइटचं कमिशन, कापून दर १०० हँडला, म्हणजे डावांना, सरासरी ४ ब्लाइंड कमावता (हे वाटतं तितकं सोपं नाही, बहुतेक जण रेक धरला तर मायनसमध्येच असतात). सहा जणांच्या नो-लिमिट (समोरचे सगळे पैसे एकदम लावता येतात अशा) टेबलवर चढउतार दर १०० हँडला ९० ब्लाइंडच्या आसपास असतात. हिशोब मांडलात तर १० हजार हँडमध्ये कमाईची अपेक्षा ४ बाय-इनची आणि इकडेतिकडे हेलकावे ९ बाय-इनचे! म्हणजे चांगला खेळूनही तीनातून एकदा १० हजार हँडनंतर तुम्ही तोट्यात असणार. १० हजार हँड म्हणजे दोन टेबलं लावून रोज रात्री दोन तास बसलात तरी महिना जातो. महिनाभर नीट खेळायचं आणि हातात उलट खड्डा.

म्हणून डबा मोठा लागतो. हाच माणूस ५ बाय-इन घेऊन बसला आणि स्टेक कधीच खाली केला नाही तर कधी ना कधी साफ होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर. २० बाय-इनला ती १४ टक्क्यांपर्यंत येते, ३० ला ५, आणि ५० ला एक टक्क्याच्याही आत. पण कमाई ४ ऐवजी २ ब्लाइंड असेल तर ३० बाय-इन असूनही २३ टक्के, आणि कमाईच नसेल तर कितीही मोठा डबा आणा, बुडाला भोकच आहे. टुर्नामेंटवाल्यांनी तर १०० बाय-इनच्या खाली बोलूच नये, तिथे बहुतेक वेळा काहीच मिळत नाही आणि कधीतरी एकदम मिळतं.

हे सगळं मला २०२१ मध्ये पाठ होतं. तरीसुद्धा.

माझ्याकडे तेव्हा २८ हजार होते आणि मी ५/१० खेळायचो, म्हणजे २८ बाय-इन, अगदी व्यवस्थित. मग तीन आठवडे असे गेले की जे दाबेन ते लागत होतं आणि मला वाटायला लागलं की आपण या टेबलांसाठी जरा जास्तच चांगले आहोत. १०/२० ला थांबलोच नाही, डायरेक्ट २५/५० ला. बाय-इन ५०००, खात्यात साडेपाच बाय-इन. बायको आत झोपलेली, मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा, फोन चार्जरला लावून गॅसच्या शेगडीला टेकवलेला, शेजारी चहावर साय आलेली. माझ्याकडे इस्पिक-किलवरच्या राण्या. टेबलवर सगळ्यांची सामायिक पानं, बदामाची नव्वी-पंजी, मग एक दुर्री, मग राजा, शेवटी किलवरची चौकी. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३६०० आणि समोरच्याने उरलेले १८०० सगळे ढकलले. गणित सोपं होतं, ५४०० जिंकायला १८०० घालायचे, म्हणजे चारातून एकदा जरी मी बरोबर ठरलो तरी फिट्टंफाट. आणि एका रंगाची पाच पानं जमवायला बदामाची वाट बघत बसलेला माणूस वाटत होता तो, तीनातून एकदा तरी मी पुढे असणार असं स्पष्ट दिसत होतं. पण मला ते १८०० रुपये ३६ ब्लाइंड म्हणून दिसेचनात. मला दिसला सोसायटीचा मेंटेनन्स. फोल्ड केलं, पानं टाकून दिली. त्याने पानं उघडून दाखवली, बदामाची दश्शी-अठ्ठी, काहीही नाही.

लोकांना वाटतं कमी पैसे घेऊन वर गेलं की नशीब नडतं. नशीब नंतर, आधी तुमचा खेळच बदलतो, जे ५/१० ला झोपेत पैसे घालून कॉल केलं असतं ते तिथे होत नाही. आणि मग चिडून उलटंही होतं, दहा मिनिटांनी मी एक्का-राजावर सगळे लावले, त्याच्याकडे राण्यांची जोडी, माझे चान्स ४३ टक्के, गेले. त्या रात्री १५ हजार, पुढच्या दोन रात्रीत ९. उरले ४. इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण मी विम्याच्या हप्त्याचे बारा हजार उचलून टाकले, आणि ते बायकोला कळलं हप्ता चुकल्याचा मेसेज तिच्या फोनवर आला तेव्हा. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुझ्या बाबांचे दोन डबे होते ना?"

दुसऱ्या आठवड्यात वेगळं सेव्हिंग खातं उघडलं, फक्त या खेळाचं, त्यात पगारातून महिन्याला ठरलेली रक्कम, आणि त्यातून घरात किंवा घरातून त्यात एक रुपया नाही. आधी त्यातून विम्याचे बारा हजार घरात परत केले, ते उधारीच होते. मग एक शंभर पानी वही केली, तारीख, स्टेक, किती हँड, खात्यात किती. नियम एकच. वरच्या स्टेकचे ३० बाय-इन झाले की तिथे तीन बाय-इन घेऊन शॉट घ्यायचा, म्हणजे खेळून बघायचं, ते गेले की त्याच मिनिटाला खाली. १०/२० साठी ६० हजार झाले की चढायचं, ५४ ला आले की ५/१० ला परत, तिथे ते ५४ बाय-इन होतात, छाती भरून खेळता येतं. मी चार वेळा चढलो आणि तीनदा उतरलो. चढायचं कसं हे सगळे विचारतात, उतरायचं कसं हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही, आणि अवघड तेच आहे हो, खालच्या टेबलवरची ओळखीची मंडळी 'वेलकम बॅक' टाइप करतात तेव्हा कान गरम होतात.

अमेरिकेतल्या क्रिस फर्ग्युसन या नावाजलेल्या पोकरपटूने २००६ मध्ये शून्यापासून सुरुवात केली होती, फुकटच्या टुर्नामेंट खेळून, आणि दीडेक वर्षात १० हजार डॉलर केले. त्याचा नियम माझ्याहून कडक वाटतो पण आकड्यात सैल आहे, टेबलवर एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत, म्हणजे २० बाय-इन, आणि पुढ्यात १० टक्क्यांहून जास्त जमले की उठायचं. हे उठणं मला कधीच जमलं नाही. गंमत म्हणजे तो ज्या साइटचा भागीदार होता तिथेच २०११ मध्ये खेळाडूंचे पैसे अडकले. म्हणून साइटवर कधीच सगळा डबा ठेवायचा नाही, जेवढं लागेल तेवढंच, हे त्याच्याकडूनच शिकलो असं म्हणा.

आपल्याकडे शेवटी शेवटी टॅक्सनेही शिस्त लावली. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटवर २८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार टाकले की त्यातले २१९ सरकारचे. डबा रिकामा करून परत भरणं महाग झालं, तर माझ्यासारखे आळशी लोकसुद्धा वहीत बघून खेळायला लागले.

साइट बंद झाली तेव्हा वहीतली शेवटची एंट्री १०/२० ची आहे. टीडीएस कापून उरलेले पैसे त्या वेगळ्या खात्यात आले. बायकोने मेसेज वाचून विचारलं, हे कुठल्या डब्यातले? म्हटलं, खेळाच्या. ती म्हणाली, आता खेळच नाही तर तो डबा माझा, आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मी रोडला गेली.