वाघ मोठा की अस्वल? अस्वलाची बाजू पण ऐका

2024 च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात आला आणि तिथनं आमच्या बार्शी तालुक्यात उतरला, तेव्हापासून सोलापुरात चहाच्या टपरीवर सुद्धा लोक वाघाबद्दल बोलायला लागलेत. आणि बोलणं सुरू झालं की थोड्या वेळात गाडी एकाच प्रश्नावर येती, वाघ आणि अस्वल भिडले तर जिंकणार कोण? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतंय, वाघ, विषय संपला. मला हा विषय एवढ्यात संपवायचा नाही कारण यात अस्वलावर लई अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आधी अस्वल म्हणजे कुठलं अस्वल ते ठरवा. ध्रुवावरचं पांढरं अस्वल, नर, साडेतीनशे ते सातशे किलो. अलास्काच्या कोडियाक बेटावरचं तपकिरी अस्वल पाचशे-सहाशे किलोपर्यंत जातं. आपला वाघ, चांगला भरलेला नर, साधारण 180 ते 250 किलो. आणि आपल्या विदर्भातलं काळं केसाळ अस्वल? नर 80 ते 145 किलो आणि मादी तर 55 पासून 95 पर्यंतच. म्हणजे आपल्या जंगलातली गोष्ट करायची तर अस्वल वाघाच्या निम्म्या वजनाचं आहे हे डोक्यात ठेवून पुढं वाचा.

वाघाचं (आणि सिंह, बिबट्या, सगळ्यांचंच) शरीर एका कामासाठी घडलंय, आपल्यापेक्षा मोठं जनावर थोड्या वेळात खाली पाडायचं आणि मारायचं. चालताना टाच जमिनीला लागत नाही, बोटांवर चालतात, त्यामुळं आवाज नाही. नखं कातडीच्या आत ओढलेली असतात म्हणून झिजत नाहीत, आणि पंजा मारताना बाहेर येतात तेव्हा धारदारच असतात. पाठीचा कणा एवढा लवचिक की झेप घेताना अख्खं शरीर आधी गोळा होतं आणि मग सुटतं. पुढच्या पायांची हाडं जाड, खांद्याचे स्नायू प्रचंड, आणि ते पाय तो नुसते पळायला वापरत नाही, पैलवान मान धरून समोरच्याला खाली ओढतो तसा तो गव्याच्या मानेला दोन्ही पायांनी कवळ घालून आपल्या वजनासकट त्याला खाली खेचतो. मग सुळे, अडीच-तीन इंचांचे, गळ्यात. पूर्ण वाढलेला गवा सातशे-आठशे किलोच्या घरात असतो आणि वाघ तो सुद्धा मारतो, याच्यापुढं ताकदीचा आणखी कुठला पुरावा पाहिजे. वाघाच्या कवटीवर मधोमध एक उभा हाडाचा कंगोरा असतो, जबड्याचे स्नायू तिथं चिकटलेले असतात, कधी म्युझियममध्ये कवटी बघायला मिळाली तर डोक्याचा तो भाग नीट बघा, तिथंच त्याच्या चाव्याचं रहस्य आहे. तोंडात दात फक्त 30, आणि जबडा वर-खालीच चालतो, आडवा चघळता येत नाही, मांस कापायचं आणि गिळायचं.

पण हे सगळं थोड्या वेळाचं काम आहे. मांजरकुळाला दम कमी. हल्ला फसला की वाघ बहुतेक वेळा सोडून देतो, आणि फसतातच, दहा-वीस प्रयत्नांत एखादी शिकार लागते असं म्हणतात. शिवाय तो एकटा शिकार करतो, एक पाय जायबंदी झाला तर उपाशी मरायची वेळ, त्यामुळं त्याला प्रत्येक भांडणात हिशोब करावाच लागतो.

अस्वलाला असला हिशोब नसतो.

अस्वल पूर्ण तळवा टेकवून चालतं, आपल्यासारखं, म्हणून त्याचा मागच्या पायाचा ठसा चिखलात बघितला तर क्षणभर माणसाचाच वाटतो, फक्त पुढं नखांच्या खुणा असतात. ही नखं आत जात नाहीत. आपल्या विदर्भातल्या अस्वलाच्या पुढच्या पायाची नखं तीन-तीन इंच लांब, वाकडी, आणि ती कशासाठी आहेत? वारूळ फोडायला! उन्हाळ्यात वाळलेलं वारूळ कुदळीला पण लवकर दाद देत नाही, ते हे जनावर पंज्यानं उकरतं. मग तोंड आत घालून फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या बंद करून घेतं, आणि लांब ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेतं, त्या ओढण्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू जातो. वरचे मधले दोन पुढचे दात त्याला नसतातच, ओढायला मोकळी जागा राहावी म्हणून. इतर बहुतेक अस्वलांना 42 दात, याला 40. दाढा सपाट, मोहाची फुलं, जांभळं, बोरं चघळायला. म्हणजे बघा, जी ताकद आपण लढाईची म्हणून मोजतोय ती मुळात खोदायची ताकद आहे, तपकिरी अस्वलाच्या खांद्यावर जो उंचवटा दिसतो तो पण खोदायच्या स्नायूचाच. वाघाची ताकद एका झटक्यात येती, अस्वलाची ताकद दिवसभर चालती, आणि माझ्या मते ताकद मोजताना हे दुसरं कुणी मोजतच नाही.

त्यात मानेवर आणि खांद्यावर लांब केसांचा दाट झुपका. वाघाला जिथं सुळे घालायचे असतात नेमकी तिथंच ही गादी.

2018 मध्ये ताडोबात काय झालं ते पुष्कळ जणांनी व्हिडिओत बघितलंय. मटकासुर, तिथला नावाजलेला मोठा नर वाघ, आणि समोर पिल्लू असलेली अस्वलाची मादी. वाघानं तिला धरलं, खाली दाबलं, चावला, मला तर वाटलं संपली. पण ती सुटली आणि पळाली नाही, उलट त्याच्याच अंगावर गेली, ओरडत, उभी राहून. शेवटी मटकासुर मागं सरला. जिंकली असं मी म्हणणार नाही, ती चांगलीच जखमी होती, पण तिनं वाघाला हिशोब करायला लावला. तो व्हिडिओ बघताना पिल्लाकडं पण लक्ष द्या. या जातीची पिल्लं आईच्या पाठीवरच्या केसांना धरून बसतात आणि आई त्यांना घेऊन फिरते, अस्वलांमध्ये ही सवय याच जातीत नेहमीची आहे.

याचा अर्थ वाघ अस्वलाला मारत नाही असा अजिबात नाही. मागनं, खाली वाकून वारूळ उकरताना धरलं तर अस्वलाचं काही खरं नाही. रशियाच्या अतिपूर्व भागात तर वाघ अस्वलं मारून खातात, बहुतेक आपल्यापेक्षा लहान नाहीतर गुहेत झोपलेली. आणि त्याच जंगलात मोठं नर तपकिरी अस्वल बर्फातल्या वाघाच्या पावलांचा माग काढत जातं आणि त्याची शिकार बळकावतं. एकाच जंगलात दोन्ही घडतंय, कुणाचं वजन किती आणि पहिला घाव कुणाचा यावर सगळं.

आमच्या पिढीनं सोलापुरात अस्वल बघितलं ते गल्लीत, दरवेशाच्या दोरीला. नाकातनं दोर ओवलेला, सुळे मोडलेले, लेकरांना त्याच्या पाठीवर बसवायचे, त्याचे केस तावीजात घालायचे. 1998 ला सरकारनं अस्वल, वाघ, सिंह, बिबट्या यांचे खेळ करायला बंदी घातली आणि हळूहळू ते थांबलं, बरं झालं. पण त्यामुळं आपल्या मनात अस्वल म्हणजे नाचणारं, ढिम्म जनावर हेच राहिलं आणि वाघ म्हणजे राजा. मोडलेल्या दाताच्या जनावराकडं बघून आपण त्याची ताकद ठरवली, हे मला खरंच सहन होत नाही.

विदर्भातल्या गावच्या लोकांना विचारा, त्यांना हे सांगावं लागत नाही. मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसात जंगलात जाणारी माणसं अस्वलाला वाघाएवढीच भितात, कित्येक ठिकाणी जास्तच. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वलाची नजर कमजोर, तोंड वारुळात, माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळतच नाही, आणि कळल्यावर ते पळून जायच्या ऐवजी सरळ अंगावर येतं, कारण वाघ-बिबट्याच्या जंगलात जगायचं तर त्याला हाच एक मार्ग जमलाय. उभं राहून पंजा मारतं म्हणून जखमा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. त्यामुळं तुम्ही कधी तिकडं पायी फिरायला गेलात तर गप्प चालू नका, मोठ्यानं बोलत, काठी आपटत चाला, म्हणजे तुम्ही येताय हे त्याला लांबनंच कळेल.