बाबा, रोश कारी आणि सात कारी : आमची वाटचाल

मी मूळची रत्नागिरीकडची. 2006 साली लग्न होऊन मॉरिशसला, वाक्वा गावी आले. सासर मराठीच; चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून मुंबई बंदरावरून उसाच्या मळ्यांत मजुरीला आलेल्यांचं. घरात गणपतीची आरती मराठीत, बाकी सगळं बोलणं क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीत. पहिल्याच आठवड्यात सासूबाई परसात पाट्यासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दॉन म्वा बाबा ला." मला त्यातला 'बाबा' एवढाच शब्द कळला, आणि क्रेओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं बाळ हे नणंदेनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात तर तान्हं कुणी नव्हतं. सासूबाईंनी बोट दाखवलं ते वरवंट्याकडे. पाटा म्हणजे 'रोश कारी', कारीचा दगड; कारी म्हणजे इथली मसाल्याची करी. आणि वरवंटा त्याचं बाळ. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत फिरवतात, ते मला तिथल्या तिथे आठवलं. व्यवसायाची पहिली पावती मी 2012 साली फाडली, पण सुरुवात मी त्या दिवसापासूनच धरते.

आम्ही ओला मसाला विकतो आणि लग्नकार्याची 'सात कारी', म्हणजे हळदीच्या जेवणाचे सात शाकाहारी प्रकार, करून देतो. दोनच गोष्टी, पण त्या नीट कळायला मला बरीच वर्षं लागली.

इथली कारी एका कुणाची नाही. 1834 पासून पोर्ट लुईच्या धक्क्यावर भारतातून मजूर उतरत गेले. कुणी भोजपुरी बोलणारे, कुणी तमिळ, तेलुगू, कुणी आपले मराठी. त्यांच्याआधी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं आणि फ्रेंच मळेवाले इथे होतेच. ते सगळं पातेल्यात दिसतं. कढीपत्त्याला इथे 'कारीपुले' म्हणतात आणि कोथिंबिरीला 'कोतोमिली', दोन्ही शब्द तमिळमधून आलेले. फोडणीत त्या कारीपुल्याशेजारी फ्रेंचांच्या थाइम या सुगंधी पाल्याची काडी पडते. हळदीला सगळे 'साफ्रां' म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये साफ्रां म्हणजे केशर, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं रोजच्या मासळीतही केशर घालतात की काय.

मसाला असा. धने आणि सुक्या मिरच्या रात्री भिजत घालायच्या. सकाळी जिरं, थोडी मोहरी, मेथीचे मोजके दाणे, मिरी, हळद, लसूण आणि मूठभर कारीपुले घेऊन पाण्याच्या हबक्यानं वाटायचं. गोळा बोटांत धरून चोळला तर धन्याचं टरफल हाताला लागता कामा नये. सासूबाईंची परीक्षा एवढीच होती आणि ती मी कित्येक महिने नापास होत होते. कांदा, आलं-लसूण तेलात परतलं की हा मसाला थोड्या पाण्यात कालवून टाकायचा. तेल कडेनं सुटेपर्यंत हलवत राहायचं. मग 'पॉमदामूर' नावाचे इथले छोटे टोमॅटो, आणि त्यानंतर कोंबडी, मासळी किंवा ऑक्टोपस.

यात ओल्या खोबऱ्याचं वाटण नाही. माझ्या कोकणी हाताला हे पटेना. नारळ या बेटावर आहे, त्याची चटणी, म्हणजे 'साटिनी', घरोघरी होते; कारीत मात्र तो सहसा पडत नाही. पहिल्या वर्षी एका ऑर्डरला मी मासळीच्या कारीत वाटण घातलं, कैरीही घातली, अगदी माहेरासारखी. लोकांनी खाल्ली, चांगली आहे म्हणाले, आणि जाताना त्या घरातल्या आजींनी माझा हात धरून सांगितलं की ही आमची नव्हे. त्यांचं बरोबर होतं. ज्यांनी दीडशे वर्षं परक्या मातीत राहून एक चव जपली, त्यांच्या पानात मी माझी चव दडपून वाढली होती. तेव्हापासून खोबऱ्याचं वाटण फक्त आमच्या घरच्या जेवणात.

गोव्याच्या वाचकांना एक पदार्थ आवर्जून सांगते, 'विंदाय'. तळलेली मासळी, ठेचलेली मोहरी, हळद, लसणीच्या अख्ख्या पाकळ्या, छोटे कांदे, हिरव्या मिरच्या आणि व्हिनेगर. गोव्याचं विंदालू आणि हे, दोघांचं मूळ पोर्तुगीजांच्या वाइन-लसणीच्या त्याच पदार्थात. विंदाय दुसऱ्या दिवशी खावं, तेव्हा ते मुरलेलं असतं.

2015 साली एका हॉटेलनं वीस किलो मसाला मागवला. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. पाट्यावर शक्य नव्हतं म्हणून मिक्सरवर रात्रभर वाटला आणि गरम असतानाच डब्यांत भरला. पाचव्या दिवशी सगळे डबे परत. झाकण उघडलं तर आंबूस वास आणि वर बारीक बुडबुडे. पैसे तर गेलेच, पण सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत ते जास्त लागलं. मिक्सरचं पातं मसाला तापवतं, तिथेच बिघडायला सुरुवात होते. पुढच्या वर्षी कर्ज काढून कोइमतूरहून दगडी वेट ग्राइंडर मागवला. तो सावकाश फिरतो, मसाला गार राहतो. आता पहाटे चारला वाटप, लगेच शीतकपाट, आणि डब्यावर 'चार दिवसांत वापरा'.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत लग्नं थांबली आणि आम्ही फक्त गल्लीतल्या घरांना मसाला देऊन तगलो. त्याच ऑगस्टमध्ये वाकाशियो जहाजाचं तेल आग्नेय किनाऱ्यावर पसरलं, तिकडची मासेमारी थांबली. त्या दिवसांवर मला जास्त लिहवत नाही.

सात कारीबद्दल मात्र लिहायलाच हवं. लग्नाच्या आधी हळदीची संध्याकाळ असते, तेव्हा केळीच्या पानावर पुऱ्या आणि सात शाकाहारी प्रकार वाढतात. तांबडा भोपळा, कच्चं केळं, कच्चा फणस, बटाट्याबरोबर 'ग्रो प्वा' हे मोठे पांढरे दाणे, पालेभाजी, टोमॅटोचा घट्ट रस्सा म्हणजे रुगाय, लोणच्याच्या जातीचं आशार. घराघरांत यादी थोडी बदलते, पण सातही पातेल्यांचा रंग वेगळा दिसला पाहिजे यावर मी अडून बसते. एकाच रश्श्यात सात भाज्या टाकून सात कारी होत नाही.

15 जानेवारी 2024 ला बेलाल चक्रीवादळ आलं आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी आमच्याकडे तीनशे पानांची हळद होती. भोपळे, फणस आधीच आणून ठेवले होते. पानं मात्र नव्हती. बागेतल्या केळींच्या नुसत्या चिंध्या झालेल्या. कागदी ताटल्या घ्या, असं यजमानांनीच सुचवलं. मी नको म्हटलं. शेजारपाजारच्या भिंतींच्या आडोशाला ज्या केळी वाचल्या होत्या त्यांची पानं मागून आणली, आणि आमच्या तिघी बायकांनी फाटक्या पानांची दोन-दोन पदरी जोडणी करून शुक्रवारची रात्र काढली. पंगतीत एकाही पानाखालून रस्सा गळला नाही.

सासूबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या. दगड ढकलणं त्यांना झेपत नाही, पण रोजच्या पहिल्या वाटपातला चिमूटभर मसाला त्यांच्याकडे जातो आणि त्या तो बोटांत चोळून बघतात. परदेशातले मॉरिशसकर कोरड्या पावडरीसाठी विचारतात. तीन वेळा करून पाहिली. भाजलेल्या धन्याची येते, पण वाटलेल्या कारीपुल्याची चव येत नाही. म्हणून सध्या नाही म्हणतो. गेल्या महिन्यात पाट्याला छिन्नीनं टाकी लावून घेतली, कारण शेवटचे दोन किलो अजून त्याच्यावरच वाटतो.