रायझाची कढई आणि आमचं बेदाण्याचं शेड

मार्च महिन्यात आमच्या घरी कुणीच वेळेवर जेवत नाही. तासगावहून सावळजकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं बेदाण्याचं शेड आहे. माल रॅकवर असला की रात्री तिथं कुणीतरी झोपायला लागतं. दोन वर्षांपूर्वी ती पाळी बऱ्याचदा माझ्याकडे यायची, कारण हिशोबाचा लॅपटॉप माझ्याकडे आणि रात्रीची पेंडिंग बिलंही माझीच. त्याच लॅपटॉपवर, बिलं संपल्यावर, मी 'अॅटेलिये रायझा' पहिल्यांदा सुरू केला. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. आज त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या घरात आणि मैत्रिणींमध्ये या एका गेमवरून जेवढे वाद झालेत तेवढे भाऊबंदकीतही होत नाहीत.

आधी गेम काय आहे ते. रायझा ही शेतकऱ्याची मुलगी. कुर्केन नावाच्या बेटावर राहते, वडिलांची गव्हाची शेती आहे, आणि शेतातल्या कामाचा तिला मनापासून कंटाळा. लेंट आणि ताओ या दोन बालमित्रांना घेऊन ती बेटाबाहेर पळते. तिथं एम्पेल नावाचा प्रवासी भेटतो आणि तिला किमया शिकवतो. मोठ्या कढईत औषधी पाला, दगड, फळं टाकायची, ढवळायचं, त्यातून औषध, बॉम्ब, कापड, हत्यार काहीही काढायचं. जग वाचवायचं वगैरे पुढे येतं, पण गेमचा निम्म्याहून जास्त वेळ आपण सामान गोळा करण्यात आणि कढईपुढे उभं राहण्यात घालवतो.

पहिल्याच दिवशी रायझाची आई मिओ तिला कामावरून झापते. माझी आई पाठीमागून जाताना थांबली. भाषा कळत नव्हती, पण सूर ओळखीचा होता. "ही आई हाय व्हय तिची?" म्हणाली. मी हो म्हटलं. "बराबर बोलत आसंल," म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

हा गेम करणारी कंपनी गस्ट. १९९३ साली जपानच्या नागानो भागात सुरू झाली, आता कोएई टेक्मोचा भाग आहे. या मालिकेतला पहिला गेम, 'अॅटेलिये मारी', १९९७ चा. नागानो हा जपानमधला द्राक्षाचा मोठा भाग आहे, 'नागानो पर्पल' नावाची द्राक्षाची जातच तिथं तयार झालेली. हे वाचलं त्या दिवशी मला कोण आनंद झाला! आपल्यासारख्याच द्राक्षाच्या मुलखातल्या माणसांनी हे बनवलंय, एवढ्यावर तो गेम मला जवळचा वाटायला लागला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. रायझाची चित्रं इंटरनेटवर ज्या कारणासाठी फिरतात ते मला आवडत नाही. तिच्या मांड्यांवरून जेवढं बोललं जातं तेवढं तिच्या कामावरून बोललं जात नाही. त्या चित्रांमुळेच मी वर्षभर या गेमला हात लावला नव्हता. आत गेल्यावर जी मुलगी भेटली ती हट्टी, कष्टाळू, मित्रांसाठी जीव टाकणारी आहे. ज्या मुली त्या चित्रांमुळे लांब राहिल्यात त्यांना मी सांगेन, एकदा पहिले चार-पाच तास द्या.

आता कढईकडे येते, कारण खरा जीव तिथं आहे.

कृती निवडली की पडद्यावर एकमेकांना जोडलेली वर्तुळं उघडतात. प्रत्येक वर्तुळाला ठरावीक जातीचं सामान लागतं आणि त्यात आग, बर्फ, वीज, वारा यांपैकी ठरावीक गुण भरावा लागतो. एकाच जातीची दोन फळं असतात, पण एकात आगीचा गुण एकच, दुसऱ्यात तीन. किती वेळा सामान टाकता येईल यालाही मर्यादा. म्हणजे हलकं सामान टाकत बसलात तर पहिलंच वर्तुळ भरेपर्यंत संधी संपतात आणि पुढची वर्तुळं, जिथं मालाची ताकद वाढते, ती बंदच राहतात. वर परत प्रत्येक वस्तूची क्वालिटी आकड्यात, ९९९ पर्यंत. शिवाय सामानात असलेले खास गुण तयार मालात उतरवायचे असतील तर त्यासाठीही जागा मोकळ्या करून घ्याव्या लागतात.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी शेडमध्येच होते. समोर डीपिंगची टाकी. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डीपिंग ऑइल. त्यात द्राक्षाचं कॅरेट दोन-चार मिनिटं बुडवायचं. मण्यावर मेणाचा पातळ थर असतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग जाळीवर पसरायचं. चांगलं ऊन-वारं असेल तर पंधरवड्यात बेदाणा होतो, साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो. मण्याची गोडी कमी असेल तर तुम्ही टाकीत काहीही करा, बेदाणा पोकळ आणि सुरकुतलेला येणार. कढईत हलकं फळ टाकल्यावर जे होतं तेच. माझे वडील तोडणीआधी बागेत चार-पाच ठिकाणचे मणी दाबून गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब पाडतात, उन्हाकडं धरून बघतात आणि नुसता आकडा बोलतात. "बावीस." "एकवीस, थांबू अजून." रायझाच्या टोपलीतल्या फळाखाली आकडा दिसला की मला वडिलांचा आवाज ऐकू येतो.

तोडणीच्या हत्यारावरून माल बदलतो, ही गोष्ट तर मला फारच पटली. एकाच झाडाला रायझाने काठी मारली तर एक मिळतं, विळा लावला तर दुसरं, कुऱ्हाड मारली तर तिसरं. आमच्या बागेतही ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी आणि एप्रिलची खरडछाटणी वेगळी. कात्री तीच, वेल तोच, पण एका छाटणीतून घड निघतो आणि दुसरीतून पुढच्या वर्षाची काडी. काय हवंय ते आधी ठरवून झाडापाशी जायचं, हे या गेमने बरोबर धरलंय.

आता बाकीच्यांची मतं.

माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला असतो. मारामारीचे गेम खेळून त्याचा हात बसलेला. त्याला रायझा आवडला नाही आणि त्याची कारणं मी नाकारू शकत नाही. सुरुवात फार संथ आहे. लढाईत वेळ चालूच राहते, आपण विचार करेपर्यंत राक्षस दोन फटके मारून मोकळा होतो, आणि ती पद्धत गेम नीट समजावून सांगत नाही. टॅक्टिक्स लेव्हल, म्हणजे लढाईतल्या डावपेचांची पायरी, वाढवायला गुण साठवावेत की लगेच कौशल्यावर खर्चावेत, हे मला स्वतःला पंधरा तासांनी उमगलं. पण त्याची एक तक्रार मला मान्य नाही. तो म्हणतो, "तायडे, नुसतं गोड गोड हाय सगळं." लेंटचा बाप दारुडा आहे आणि पोरगा त्याच्या नावाची लाज पुसायला धडपडतोय, हे गोड आहे? ताओच्या घरी वडिलोपार्जित पुस्तकं आहेत आणि ती लिपी घरात कुणालाच वाचता येत नाही, हे गोड आहे? चित्रं गोड आहेत, रंग गोड आहेत. गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडावी तशी आहे.

पाण्याचंच बघा. कुर्केन बेटावर गोड्या पाण्याची वानवा, आणि ते पाणी ब्रुनेन घराण्याच्या हातात. म्हणून गावात त्यांचा शब्द चालतो, म्हणून त्यांचा पोरगा बोस रायझाच्या टोळीला हिणवत फिरतो. आमच्या तालुक्याच्या पूर्व भागात ज्याने टँकरच्या पाण्यावर बाग जगवलीय, टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांचं आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघितलीय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी कुणाकडे आहे यावरून गावात खुर्ची कुठं मांडली जाते हे आम्ही लहानपणापासून बघतोय. मावसभावाला हे बोलले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. त्याच्या घरी नळाला रोज पाणी येतं.

वहिनीचं निराळंच. तिने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. रात्री पोरगा झोपला की वीस मिनिटं लॅपटॉप मागून घेते आणि नुसतं रान हिंडते. फुलं तोडते, जाळीने किडे पकडते, टोपली भरली की घरी. लढाई आली की मला हाक मारते. या मालिकेत नायिका पिंपाजवळ गेली की "तारू!" म्हणते, म्हणजे जपानीत पिंप, एवढंच. वहिनीच्या पोराने ते उचललं आणि आता आमच्या घरातलं प्रत्येक पिंप तारू झालंय. डीपिंगची टाकीसुद्धा. वहिनी म्हणते, दिवसभर जे काम करते ते संध्याकाळी परत शून्यावर येतं, भांडी परत घाण, कपडे परत मळलेले. इथं टोपलीत ठेवलेलं ठेवल्या जागी सापडतं. गेमबद्दल मी वाचलेल्या सगळ्या मतांमध्ये मला हेच सगळ्यात वजनदार वाटतं.

खरा वाद मात्र माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीशी. ती कराडची, या मालिकेत माझ्या आधीपासून. तिचं म्हणणं, रायझात दिवस मोजले जात नाहीत, म्हणून तो अर्धाच अॅटेलिये. जुन्या गेममध्ये मुदत असायची. पहिल्या मारीला पाच वर्षांत काहीतरी करून दाखवायचं होतं. २०१० च्या 'तोतोरी'मध्ये कोळ्यांच्या गावातली मुलगी हरवलेल्या आईला शोधायला निघते, तिच्या साहसी भटकंतीच्या परवान्याला ३ वर्षांची मुदत, आणि तेवढ्यात ठरलेला दर्जा गाठला नाही तर खेळ तिथेच संपतो. चालायला दिवस जातात, तोडणीला दिवस जातात, ढवळायलाही दिवस जातात. मैत्रीण म्हणते, "मुदत नसली की निवड कसली?"

मी तिच्याशी महिनाभर भांडले. माझं कारण तिला फोनवर सांगता आलं नाही, ते इथं लिहिते.

त्याच सीझनला आमचा शेवटचा हप्ता रॅकवर होता. नववा दिवस. संध्याकाळी पूर्वेला काळं झालं आणि रात्री साडेअकराला अवकाळी आला. ताडपत्र्या ओढल्या, बाजू बांधल्या, मी, दादा आणि दोन गडी. पाऊस तासाभरात थांबला, पण दमट हवा चार दिवस हलली नाही. हिरवा यायला हवा होता तो माल तपकिरी पडला, खालच्या दोन थरांना बुरशी लागली. बाविसाच्या गोडीची द्राक्षं, बरोबर मापाचं पाणी, सगळं नीट करून. वडील एक मूठ हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे परत करता येत न्हाई." त्या रात्री मी रायझा उघडला आणि एकच औषध सात वेळा बनवलं. बिघडलं की परत. कुठलं फळ कुठं घातलं, आधी काय टाकायला हवं होतं, हे बघत बघत. सातव्यांदा हवं तसं आलं. ज्याच्या दिवसभराच्या कामाला फक्त एकच संधी असते त्याला रात्री सात संधी मिळाव्यात, एवढं मला त्या गेमकडून पाहिजे होतं, आणि त्याने ते दिलं.

पण मैत्रिणीचं एक म्हणणं मला पुढे मान्य करावं लागलं. रायझाच्या उत्तरार्धात सामान विरघळवून रत्नांचे गुण मिळतात आणि त्यावर कुठल्याही चांगल्या वस्तूच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. एकदा ते जमलं की सामानाचं मोल उतरतं. ज्या फळासाठी मी तीन वेळा डोंगर चढले होते ते नंतर पेटीत साठ-सत्तर पडून होतं आणि मला त्याच्याकडे बघावंसंही वाटेना. शेवटच्या दहा तासांत माझ्या हातून एकही अशी वस्तू झाली नाही जिच्याबद्दल कुणाला सांगावं. गस्टने २०२३ मध्ये मारी नव्याने काढला तेव्हा मुदतीचा आणि बिनमुदतीचा, दोन्ही पर्याय दिले. ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ज्या दिवशी जसं झेपेल तसं.

म्हणून या उन्हाळ्यात, शेड धुऊन झाल्यावर, मी तोतोरी घेतला. पहिल्या खेपेला हरले. परवान्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी लांबच्या एका जंगलात सामान गोळा करत बसले आणि परतीच्या वाटेवरच मुदत संपली. फार वाईट वाटलं. तोतोरीची बहीण घरी स्वयंपाक करून वाट बघतेय आणि आपण आईपर्यंत पोचलोच नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन खेळ सुरू केला. डीपिंगच्या नोंदीची जी वही आहे, तारीख, प्लॉट, गोडी, कॅरेट, टाकीत घातलेलं ऑइल, तिच्याच मागच्या पानांवर तोतोरीचे दिवस मांडलेत: कुठल्या गावाला जायला किती दिवस, कुठल्या कृतीला किती, कुठलं सामान कुठल्या फेरीत उरकायचं. वडिलांनी पान उलटून बघितलं. "ही कुणाची बाग?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "जायाला आठ, याला आठ, मग तोडायला चारच दिवस ठेवल्यात व्हय? कमी पडतील."

कमीच पडले असते. तिथं मी सहा केलेत. तोतोरी आता दुसऱ्या वर्षात आहे, दर्जा अजून दोन पायऱ्या मागे. आमची छाटणी पुढच्या सोमवारी सुरू होतेय, त्याआधी तिला तिच्या गावी परत आणायचंय.