पश्चिमेच्या भिंतीचे जिप्सम बोर्ड : एकोणिसाव्या दिवसाची नोंद

इंदिरानगरमधील आमच्या घरात पश्चिमेच्या खिडकीखाली, भिंतीला लावलेल्या जिप्सम बोर्डवर (दोन्ही बाजूंनी कागद आणि मधे जिप्समचा गर असलेला फळा), जुलैच्या अखेरीस तळहाताएवढा फुगवटा आला आणि खोलीत कुबट वास येऊ लागला. सुताराने लांबी (पुट्टी) भरून वर प्रायमर मारायला सांगितले होते. ते न ऐकता मी बोर्ड कापला, हे बरेच झाले. कारण रंगाच्या बाजूने वीतभर दिसणारी ओल मागच्या कागदावर चार फुटांपर्यंत पसरली होती. त्या कागदावर रुपयाएवढे काळपट, कडेने हिरवट झाक असलेले डाग होते आणि आतला जिप्समचा गर भिजलेल्या खडूसारखा बोटांत चुरगळत होता.

बुरशीचे खाद्य म्हणजे जिप्सम नव्हे, तर त्यावरचा कागद. तो ओला राहिला तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. म्हणूनच मी ब्लीच वापरले नाही, कारण सच्छिद्र बोर्डमध्ये त्यातले पाणी आत मुरते आणि मुळाशी गेलेली बुरशी तशीच राहते. वीज आणि पंखा बंद करून, दाराला प्लास्टिक लावून, एन-९५ मास्क व गॉगल घालून, बीजाणू उडू नयेत म्हणून डागांवर पाण्याचा हलका फवारा मारत, ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंतचा भाग कापून काढला आणि तुकडे खोलीतच पिशव्यांत बांधले. जीआय चॅनेल, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्या, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे केले.

पाणी येते कुठून, हे शोधण्यात मात्र दोन दिवस गेले. शेवटी मुलगा बाहेरून मगाने खिडकीच्या कठड्यावर पाणी ओतत राहिला आणि मी आत बॅटरी धरून बसलो. चौथ्या मिनिटाला फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब गिलाव्यावर ओघळला. तिथले सिलिकॉन सुटले होते आणि कठड्याचा ढाळही आतल्या बाजूला होता. दोन्ही दुरुस्त केले. शिवाय बोर्ड थेट फरशीला टेकलेला असल्यामुळे फरशी पुसतानाचे पाणीही तो खालून शोषत असे. नवा बोर्ड १० ते १२ मिलिमीटर वर ठेवणार आहे.

१२.५ मिलिमीटरचा हिरवा, ओलावारोधक बोर्ड आणून ठेवला आहे. तो जलरोधक नसतो, त्यामुळे ओल्या भिंतीवर लावला तर तोही बिघडेलच. म्हणून भिंत वाळली का, हे पाहण्यासाठी गिलाव्यावर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवतो. पहिल्या दोन वेळा त्याच्या आतल्या बाजूस थेंब साचले. आज वरचा भाग कोरडा निघाला, पण डाव्या कोपऱ्याखाली अजून धुके दिसते. तिथले प्लास्टिक पुन्हा लावले आहे आणि सलग दोनदा कोरडे निघेपर्यंत एकही स्क्रू मारणार नाही.