बसायचा त्रास

दुपारी मेडिकलमध्ये शुकशुकाट असतो. नेमका तेव्हाच एखादा गृहस्थ येतो, उगाच डोकेदुखीची गोळी मागतो आणि मग पुटपुटतो, "ते... बसायच्या त्रासाचं मलम आहे का?" मूळव्याध हा शब्द आपण मोठ्यानं उच्चारत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर मात्र तो 'विना ऑपरेशन' फूटभर अक्षरांत रंगवलेला असतो.

'मोड' हा त्यातल्या त्यात गोड शब्द, मटकीची आठवण करून देणारा. पण हे मोड नव्यानं फुटत नाहीत. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या 3 गाद्या जन्मापासून सगळ्यांनाच असतात. कुंथून कुंथून त्यांचा आधार ढिला पडतो, त्या फुगतात, खाली घसरतात. आतल्या मोडातून लालभडक रक्त टपटपतं, पण दुखत सहसा नाही. कापल्यासारखं दुखत असेल तर बहुधा ती भेग, फिशर. आणि काठाशी अचानक निळसर, टणक, ठणकणारी गाठ आली, तर बाहेरच्या मोडात रक्त साकळलंय. डॉक्टरांनी ती कापून काढायची तर पहिल्या 3 दिवसांत. पुढे दुखणं आपसूक ओसरायला लागतं.

तिखटाला शिव्या घालणारी मंडळी मोबाईल घेऊन अर्धा अर्धा तास कमोडवर बसतात, त्याचं काय?

पोट साफ व्हायला इसबगोल घेतात, पण तोही धड नाही. 2 चमचे, मोठा पेलाभर पाण्यात, ढवळल्या ढवळल्या प्यायचं. गप्पा मारत बसलात की पेल्यात खळ तयार. वर पाणी कमी प्यायलात तर तोच आत अडून बसतो. गुण यायला 2-3 दिवस लागतात आणि लोक नेमकं तिसऱ्या दिवशी सोडतात. टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसलं की ठणका उतरतो. मीठ-तुरटी नसली तरी चालतं.

सुश्रुतानं अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, 4 उपाय सांगितलेत: औषध, क्षार, अग्नी (म्हणजे डाग देणं), शस्त्र. सुरणाला तर संस्कृतात नावच 'अर्शोघ्न'. चिंच विसरली की घसा खाजवणाऱ्या कंदाकडे हे खातं कुणी सोपवलं असेल! आताचे डॉक्टर आतल्या मोडाच्या बुडाशी इवलंसं रबर बँड चढवतात. रक्तपुरवठा तुटून मोड वाळतो आणि आठवडाभरात बँडसकट गळून पडतो. त्या वेळी थोडं रक्त जातं. आधी सांगितलेलं नसलं की माणूस हबकतो.

रक्त काळपट असेल, वजन उतरत असेल, पोटाची सवय बदलली असेल, तर मलम मागू नये. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं तरीही नाही. आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही त्याच वाटेनं येतं.