तुम्ही विचारलंत म्हणून: हुद्दा आणि ख्रिस्ती नम्रता

नर्मदेचे पाणी इंदूरला आणणाऱ्या योजनेवर मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली आणि अधीक्षण यंत्री म्हणून निवृत्त झालो. आमचे घराणे मराठी आणि काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यामुळे रामबागेतले जुने शेजारी असोत की आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुले, एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "साहेब, एवढा हुद्दा, एवढे सत्कार, आणि तुमचा धर्म तर नम्र व्हा म्हणतो, हे दोन्ही तुम्ही एकत्र कसे सांभाळता?" नम्र माणसाने स्वतःच्या कामाला 'त्यात काय मोठेसे' म्हणावे, अशी विचारणाऱ्याची बहुधा अपेक्षा असते. मला ती योग्य वाटत नाही.

नर्मदाकाठच्या जलूदहून निघालेले पाणी उपसून विंध्याच्या चढावर वांचू पॉइंटपर्यंत न्यावे लागते. तिथून पुढे ते उताराने शहराकडे येते. वीज अचानक गेली की चढत्या नळातले पाणी मागे फिरते आणि त्याच्या धक्क्याने भक्कम नळही फुटू शकतो. अशा वेळी ज्याला त्या कामाची जाण आहे त्याने 'मला काय कळते' म्हणत मागे उभे राहिल्यास शहर तहानलेले राहील. योहानाच्या शुभवर्तमानातील 13 व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिच्या अगदी आधीचे वाक्य फारसे कोणी थांबून वाचत नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखूनच तो भोजनावरून उठला, असे तिथे लिहिले आहे. पाय धुऊन झाल्यावरही, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, असे तो शिष्यांना सांगतो. आपण कोण आहोत हे पुरते ठाऊक असूनही तो वाकला, आणि माझ्या मते ख्रिस्ती नम्रतेचा आरंभ इथे आहे.

येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात विचारतो की तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय? माझ्यापुरते याचे उत्तर देणे सोपे आहे. नर्मदा इंदूरला आली पाहिजे म्हणून इथल्या नागरिकांनी 1970 मध्ये मोठे आंदोलन केले आणि 1978 मध्ये सुमारे 70 किलोमीटर दूरचे पाणी शहरात पोहोचले, तेव्हा मी खात्यात आलोही नव्हतो. पुढे ज्या कामांसाठी मला शाली मिळाल्या, ती कामे पंपगृहांत रात्रपाळी करणाऱ्यांच्या आणि भर पावसात चेंबरमध्ये उतरणाऱ्या व्हॉल्वमनच्या हातून झाली.

एक शेजारी नेहमी म्हणतात की हे तर आमच्या तुकोबांनीही सांगितले आहे, मग यात ख्रिस्ती असे काय? त्यांचे म्हणणे मला मनापासून मान्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकही आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असे मानत. तरीही एक गोष्ट मला पौलाने फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातच सापडली. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी मिळाल्या होत्या, आणि कोणी कोणकोणती पदे भूषवली हे दगडात कोरून ठेवण्याची तिथे रीत होती. पायरीपायरीने वर चढण्याला मान असलेल्या त्या नगरातल्या विश्वासणाऱ्यांना पौल ख्रिस्ताचा जो क्रम सांगतो तो पायरीपायरीने खाली जाणारा आहे: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, मनुष्य झाला आणि मरण, तेही वधस्तंभावरचे मरण, त्याने पत्करले. रोमन नागरिकाला सहसा जी शिक्षा दिली जात नसे, ती ही. भक्ताने देवापुढे लहान व्हावे हे समजण्यासारखे आहे; इथे मात्र देव स्वतःच खाली उतरतो. हे खरे मानणाऱ्या माणसाला आपल्या खुर्चीची उंची राखत बसण्याचे काही कारण उरत नाही. त्याच पत्रात पुढे पौल स्वतःचे कूळ, शिक्षण आणि धर्मनिष्ठा एकेक करून मोजतो, त्यांतले काहीही नाकारत नाही आणि ख्रिस्तापुढे ते सारे हानी समजतो.

आपल्या भाषेत याचे सर्वांत मोठे उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यांनी आपली विद्वत्ता लपवली नाही; केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, भाषांतर केले. संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या बाईने सोपे शब्द शोधण्यात वर्षे घालवावीत, याचा विचार करताना माझे मन भरून येते. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

सेवा करणे मला फारसे जड गेले नाही. उपासनेनंतर सतरंज्या उचलणाऱ्या मोठ्या माणसाचे लोक कौतुकच करतात आणि त्या कौतुकात हुद्दा शाबूत राहतो. सेवा घेणे मात्र अवघड आहे. येशू पाय धुऊ लागला तेव्हा पेत्र या शिष्याने आधी ते धुऊ दिले नाहीत, आणि मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे येशूने त्याला स्पष्ट सांगितले. आमच्याच खात्यातून व्हॉल्वमन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आज आमच्या मंडळीत 'वडील', म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे, आहेत. तिथला हिशेब मी त्यांच्यापुढे ठेवतो, आणि त्यांनी चूक दाखवली की ती दुरुस्त करतो. माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते रोज घरी येत, औषधाचे थेंब घालत आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. खात्यात त्यांनी मला शेकडो सलाम केले असतील; आता त्यांच्या हाताखाली डोळे मिटून बसणे, 'राहू द्या, मी करतो' असे न म्हणणे, हा अभ्यास मला अजून करावा लागतो.

म्हणून सत्काराचे बोलावणे आले तर मी जातो आणि शालही घेतो. फक्त आयोजकांना अगोदरच सांगून ठेवतो की माझ्या परिचयात त्या वेळच्या पंपचालकांची आणि व्हॉल्वमनची नावे वाचावीत, आणि ती यादी मी स्वतः लिहून देतो.